जिथं राहतो, तिथलं चित्र

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याविषयी बोलायला लागलं, की आकडे आधी पुढे येतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, त्या दशकात टेल्को आणि बजाजचे कारखाने आले, १९८२ साली महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेलेली दिसते. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या आसपास तोवर मोटारींचे कारखाने उभे राहिले होते. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. अहवाल, जाहिराती, ड्रोनमधून घेतलेले व्हिडिओ आणि वाहतूक कोंडीच्या बातम्या यांतून हा पट्टा आपल्याला रोज दिसतो. कॅनव्हासवर मात्र तो फार क्वचित दिसतो.

इथं चित्रकार नाहीत असं मुळीच नाही. निगडी-प्राधिकरणापासून भोसरीपर्यंत चित्रकलेचे वर्ग आहेत, कलाशिक्षक आहेत, दिवसा नोकरी आणि रात्री कॅनव्हास असा संसार करणारी माणसं आहेत. पण रविवारी रंगपेटी उचलली, की पावलं वाईकडे, मेणवलीच्या घाटाकडे, नाशिकच्या गोदाकाठाकडे वळतात. शहरातच बसायचं ठरवलं तर चिंचवडचं मोरया गोसावींचं मंदिर आणि पवनेचा घाट. या जागा सुंदर आहेत आणि तिथं बसून हात तयार होतो, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की आठवड्याचे सहा दिवस आपण ज्या रस्त्यानं जातो, त्यात चित्र काढण्यासारखं काही नाही हे आपण कधी आणि कशावरून ठरवलं?

याची मुळं आपल्याच लोहमार्गावर सापडतात. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. आज पुणे-लोणावळा लोकल जिथं थांबते, तेच हे मळवली. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या छापील चित्रांनी महाराष्ट्रातल्या घरांच्या भिंती भरल्या. तैलरंगातली चित्रकला सामान्य मराठी माणसाच्या घरात पहिल्यांदा शिरली ती या रूपानं, देव्हाऱ्याच्या शेजारी. भिंतीवर लावायचं चित्र म्हणजे देवाचं, राजाचं, नाहीतर रम्य निसर्गाचं, ही आपली समजूत तेव्हापासून पक्की झाली. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून घडलेल्या धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या चित्रकारांनी घरातली, रस्त्यावरची माणसं रंगवली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर १९२५च्या ‘सावकारी पाश’ चित्रपटात जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. म्हणजे रोजचं जगणं आपल्या कलेला अगदी परकं नव्हतं. पण कारखाना, त्याच्या भोवतीची वस्ती आणि तिथून रोज ये-जा करणारा माणूस हा मोठ्या तैलचित्राचा विषय व्हायला पुढचं अर्धं शतक वाट पाहावी लागली.

तो विषय ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, ते सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुण्याचा. शिक्षण पुण्यातच, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात. १९७२ साली ते डॉक्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईला गेले. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दिवसा एक्स-रे पाहायचे आणि उरलेल्या वेळात रंगवायचं. रंगवायचं ते काय, तर डोळ्यांसमोरचं ठाणे आणि मुंबई. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘टाउन’ (१९८४), ‘लोअर परळ’ (२००१) अशी नुसती शीर्षकं वाचली, तरी हा चित्रकार कुठं उभा आहे ते कळतं. हॉटेलातल्या टेबलाशी बसलेला माणूस, लोकलचा डबा, इमारती आणि रस्त्यांनी भरत चाललेलं गाव, गिरण्यांच्या जागी उगवणारं नवं शहर. लांबचा प्रवास करून शोधलेलं यात काही नाही.

पटवर्धनांची चित्रं आपल्या पट्ट्याला तीन गोष्टी शिकवतात, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट मुक्कामाची. ठाणेही आपल्यासारखंच कारखान्यांचं शहर होतं. वागळे इस्टेट आणि पोखरण रोडचा भाग उद्योगांनी भरला आणि पुढं त्याच जागांवर उंच इमारती आल्या. हा बदल पटवर्धनांनी एखाद्या दौऱ्यात टिपलेला नाही. तिथं राहून, तिथल्याच रुग्णांच्या छातीचे फोटो पाहत, दशकानुदशकं तो अंगावर घेतला. स्फूर्ती म्हणून आपण जे म्हणतो, ते पुष्कळदा एकच रस्ता शंभरदा पाहिल्यानंतरचं ज्ञान असतं. पहिल्या खेपेला गर्दी दिसते, पुढं कधीतरी त्या गर्दीतला एकेक माणूस वेगळा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट शरीराची. त्यांच्या चित्रातल्या माणसाला वजन असतं. तो बाकावर बसला, तर बाक त्याचा भार पेलतो आहे हे जाणवतं; उभा राहिला, तर तेवढी जागा त्यानं व्यापलेली असते. कातडीखालची हाडं रोज पाहणाऱ्या माणसाच्या हाताला हे जमलं, यात नवल नाही. पण इथं निव्वळ कौशल्यापलीकडचं काही आहे. ज्या माणसाला शहरात कुणी जागा देत नाही, त्याला कॅनव्हासवर चित्रकार पुरेपूर जागा देतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. पटवर्धन तरुणपणी डाव्या विचारांच्या जवळ होते. त्या काळी कामगार रंगवायचा म्हणजे एक तर वळलेली मूठ, नाहीतर खंगलेला देह. त्यांनी दोन्ही वाटा टाळल्या. आपण पांढरपेशे डॉक्टर, या माणसांच्या वतीनं बोलण्याचा आपल्याला अधिकार काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. ज्यांची चित्रं काढतो त्यांना ती स्वतःची प्रतिमा वाटावी, ही कसोटी त्यांनी लावून घेतली. कुणाची कीव करायची नाही आणि कुणाला पुतळाही करायचं नाही. मराठी कवितेत नारायण सुर्व्यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’पासून जे केलं, त्याच्या शेजारी हे काम ठेवता येतं. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ साली ‘साचा’ हा माहितीपट केला, तेव्हा गिरणगावाची कहाणी सांगायला त्यांनी सुर्वे आणि पटवर्धन यांनाच एकत्र आणलं, ते योग्यच होतं.

जगात इतरत्रही कारखान्याचं चांगलं चित्र अशाच मार्गानं आलेलं आहे. आडोल्फ मेंझेल या जर्मन चित्रकारानं १८७५ साली लोखंडाच्या रोलिंग मिलचं मोठं तैलचित्र पूर्ण केलं. त्यासाठी त्यानं कारखान्यात जाऊन शंभराहून अधिक रेखाटनं केली होती. मधोमध तापलेलं लोखंड आहेच. पण उजव्या कोपऱ्यात काही कामगार आडोशाला बसून जेवताहेत आणि डावीकडं काही जण अंग धूत आहेत. यंत्राच्या इतकीच जेवणाच्या सुट्टीलाही त्या चित्रात जागा आहे. इंग्लंडच्या एल. एस. लाउरीनं नोकरी केली भाडं वसुलीची, १९५२ साली निवृत्त होईपर्यंत. आणि ज्या गल्ल्यांतून वसुलीला फिरला, त्याच गिरणी-गल्ल्या रंगवल्या.

आता आपल्या पट्ट्याकडं येऊ. चाकणचा आंबेठाण चौक किंवा तळेगाव चौक घ्या, दुपारी पहिली शिफ्ट सुटते ती वेळ. ‘सेकंडला आहे’, ‘थर्ड करून आलो’ अशी इथली बोली. कंपनीच्या बसमधून माणसं उतरतात आणि तेवढीच चढण्यासाठी उभी असतात. त्यांचा गणवेश निळा आहे असं आपण सहज म्हणतो. नीट पाहिलं तर एकही निळा दुसऱ्यासारखा नसतो. नव्या पोराचा अजून दुकानातला कडक निळा असतो. चार वर्षं झालेल्याचा धुऊन धुऊन राखाडी झालेला, कोपरापाशी आणि मांडीवर हात पुसायच्या जागी तेलानं काळवंडलेला. ठेकेदाराकडच्या माणसाच्या अंगात कंपनीचा शर्ट आणि खाली घरची पँट. पॅलेटवर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले, की एक राखाडी तयार होतो. निळा वाढवला तर तो गार पडतो, तांबूस वाढवला तर उबदार होतो. त्या एका राखाडीच्या छटांमध्ये या चौकातली सगळी उतरंड, कायम आणि कंत्राटी, नवा आणि जुना, मांडता येईल.

मग धूळ. ट्रेलर वळला, की रस्त्याची कड उडते आणि पाठीमागचं सगळं फिकट होतं. तैलरंगात याला उपाय आहे. खालचा गडद थर पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट रंग हलकाच ओढायचा, म्हणजे खालचं चित्र धुळीआडून दिसत राहतं. हा थर उतावीळपणे लावता येत नाही. टर्पेंटाइन उडून जातं, पण जवसाचं तेल तसं वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. हाताला चिकटेनासं व्हायला काही दिवस लागतात, आतून पक्कं व्हायला महिने. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा ठेवावा लागतो, नाहीतर पुढं भेगा पडतात. मोबाइलवर क्षणात फोटो निघत असताना तैलरंग कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. हे माध्यम चित्रकाराला थांबायला लावतं. पहिला थर वाळेपर्यंत तो त्या चौकातून आणखी आठ वेळा जातो, आणि आपण काढलेला माणूस चुकीचा उभा आहे हे त्याला तेव्हा कळतं.

विषय इतके आहेत, की मोजू नयेत. भोसरीच्या गाळ्यात लेथसमोर उभ्या माणसाच्या हनुवटीवर पडलेला दिव्याचा उजेड. चाकणच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीवर टेकलेला शेतकरी, ज्याचा मुलगा पलीकडच्या कंपनीत लागलाय. खराबवाडीत एका खोलीत पाच जण राहतात, तिथं दोरीवर वाळणारे पाच शर्ट. आकुर्डीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, तेव्हा कॅमेरे आणि ब्रश धावत येतात, आणि यावंही. पण त्याच आकुर्डीच्या स्टेशनवर पहाटेच्या लोकलमधून उतरून वर्षभर जी माणसं चालत जातात, त्यांचं चालणंही पाहण्याजोगं आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, की असं चित्र घेणार कोण? नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात गणपती, बुद्ध, धावते सात घोडे हवे असतात. ही अडचण खरी आहे, आणि चित्रकारानं उपाशी राहून ध्येय गाठावं असा सल्ला देणं मला बरं वाटत नाही. गणपतीच्या ऑर्डरी जरूर घ्याव्यात. पण पटवर्धनांनी डॉक्टरकीच्या उत्पन्नावर आणि लाउरीनं पगारावर आपलं स्वतःचं चित्र राखलं, तशी एक जागा प्रत्येकानं राखावी. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कष्ट रंगवताना ते देखणे होतात आणि पाहणाऱ्याला ते गोड वाटू लागतात. याला पटवर्धनांच्या कसोटीपलीकडं माझ्याकडं उत्तर नाही. चित्र ज्याचं आहे, त्याला ते दाखवावं. त्यानं पाहून मान वळवली, तर कॅनव्हास पुन्हा खरवडावा.

दाखवायचं म्हटलं, की जागेचा मुद्दा येतो. पटवर्धनांनी २००८-०९च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं. चित्रं मुंबईच्या दालनांतच राहू नयेत म्हणून. त्यांच्या स्वतःच्या चित्रांचं सिंहावलोकन २०१९-२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झालं. आपल्याकडं चिंचवडचं रामकृष्ण मोरे नाट्यगृह आहे, पिंपरीचं अत्रे रंगमंदिर आहे, मेट्रोची स्थानकं आहेत, कंपन्यांची कँटीन आहेत. एका कँटीनमध्ये रोज जितकी माणसं जेवतात, तितकी एखाद्या कलादालनात महिन्यातही फिरकत नसतील. सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून झाडं लागतात, शाळांना संगणक मिळतात, तशी दरवर्षी याच पट्ट्यातल्या चित्रकाराकडून, याच पट्ट्याची चार मोठी तैलचित्रं विकत घेतली जावीत आणि ती साहेबांच्या केबिनमध्ये न लावता कँटीनच्या भिंतीवर लावावीत. महापालिकेनं अशा चित्रांचा संग्रह आजच सुरू करावा. ठाण्याचे कारखाने गेले, परळच्या गिरण्या गेल्या. इथले कारखानेही कायम राहतील असं कुणी लिहून दिलेलं नाही.

आणि इथल्या चित्रकार मित्रांना एक विनंती. पुढच्या रविवारी मेणवलीला जरूर जा. पण सोमवारी शिफ्ट सुटायच्या वेळी स्केचबुक घेऊन आपल्याच चौकात उभे राहा, समोरच्या माणसाला विचारा, त्याची परवानगी घ्या आणि त्याला काढा. चित्र पूर्ण झालं, की सगळ्यात आधी त्यालाच दाखवा.