शिफारस करताना

रहस्यकथा आवडणाऱ्या कुणीही ‘एखादं चांगलं पुस्तक सांग ना’ म्हटलं, की मी उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’चं नाव घेतो. निदान माझी समजूत तरी तशी आहे. खरं पाहिलं तर मी ते ‘कुणालाही’ सांगत नाही. माणूस बघून सांगतो, आणि माणूस बघून वेगवेगळं सांगतो.

समोरचा थरारकथा वाचणारा असेल, तर मी सुरुवात घोड्यापासून करतो. इ. स. १३२७चा नोव्हेंबर, उत्तर इटलीतल्या डोंगरावरचा मठ. विल्यम ऑफ बास्करव्हिल नावाचा इंग्रज साधू आपल्या तरुण शिष्याबरोबर चढण चढतोय. मठातली माणसं काहीतरी शोधत समोरून येतात. त्यांनी तोंड उघडायच्या आत विल्यम त्यांना सांगतो, की तुमचा घोडा अमुक बाजूला गेलाय. घोड्याचा रंग, उंची, इतकंच काय, नावही सांगतो, आणि घोडा तर त्याने पाहिलेलाही नसतो. होम्सला केलेला हा नमस्कार ऐकून समोरच्याचे डोळे चमकतात. पुढच्या सात दिवसांत मठात एकेक साधू मरत जातो, एवढं सांगून मी थांबतो. येशूच्या मालकीचं काही होतं की नव्हतं, यावर फ्रान्सिस्कन आणि पोपचे दूत पानंच्या पानं भांडतात, हे मी त्याला सांगत नाही.

समोरचा प्राध्यापकी वळणाचा असेल, तर घोडा गायब होतो आणि भांडण पुढे येतं. एको बोलोन्याला चिन्हमीमांसा शिकवायचा, ही त्याची पहिलीच कादंबरी, १९८०ची, असं बोलणं सुरू होतं. यातलं खोटं काहीच नाही. तरी हे बोलताना माझा आवाज थोडा खाली, जड होतो, तेव्हा मी शिफारस कादंबरीची करत नसतो. हे पुस्तक पचवलेला माणूस म्हणून मला स्वतःची ओळख करून द्यायची असते.

आणि पचवलं तरी कितपत? पहिली शंभर पानं जड आहेत, ती कमी करा, असं एकोला प्रकाशनाआधी सुचवलं गेलं होतं. त्याने ऐकलं नाही. मठात राहायचं तर मठाची चाल स्वीकारावी लागेल, ती पानं म्हणजे वाचकाचं प्रायश्चित्तच, असं त्याचं म्हणणं. हे मी लोकांना मोठ्या निष्ठेने ऐकवतो. पण चर्चच्या दारावरच्या कोरीवकामाचं ते लांबलचक वर्णन? तिथे माझी नजर पानावरून घसरत गेली होती. लॅटिन वाक्यं तर मी वाचली नाहीत, नुसती पाहिली. प्रायश्चित्त मी दुसऱ्यांना सांगतो.

तरी मला जास्त टोचतं ते वेगळंच. या मठाचं ग्रंथालय म्हणजे एक भुलभुलैया आहे. आत जायचा हक्क फक्त ग्रंथपालाचा. कुठल्या साधूला कुठलं पुस्तक द्यायचं, केव्हा द्यायचं, मुळात द्यायचं की नाही, हे तोच ठरवणार. वाचताना मला या व्यवस्थेची चीड आली होती. सगळी कादंबरीच मला या कुलपाविरुद्ध लिहिलेली वाटते. आणि तीच कादंबरी कुणाला सुचवायची, हे ठरवताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असतो. ‘हिला झेपणार नाही’ असं मनात आलं, की मी सहज म्हणतो, ‘त्याच्यावर सिनेमा आहे बघ, शॉन कॉनरीचा.’

माझी आत्या बाबूराव अर्नाळकरांवर वाढली. अगाथा ख्रिस्ती तिने इंग्रजीतून वाचली, काही पुस्तकं दोनदा. आमच्या घरात रहस्यकथा तिच्याइतकी कुणी वाचलेली नाही. तिला मी हे पुस्तक कधी सुचवलं नाही. टाइप बारीक आहे, तिचे डोळे आता दमतात, अनुवादक वीव्हरचं इंग्रजी तसं सोपं नाही, ही कारणं माझ्याजवळ तयार असतात. ती खोटी नाहीत, फक्त पुरेशी नाहीत. मनाच्या तळाशी एक भीती आहे. आत्या धर्मचर्चा भराभर उलटेल, तिसऱ्या दिवसापर्यंत खुनी ओळखेल आणि म्हणेल, ‘बरी आहे रे, थोडी लांबलीय.’ मग इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचा दबदबा मिरवला, त्याचं काय?

तिला पुस्तक द्यायचं ठरवलंय. शेवटचं पान आधी वाचायची तिची जुनी खोड आहे, पण इथे तिचा इलाज चालणार नाही. शेवटचं वाक्य लॅटिनमध्ये आहे, अनुवादातही तसंच ठेवलेलं. ती अर्थ विचारायला फोन करेलच.