किल्ला राहिला, छावणी रुजली

सीताबर्डीची लढाई हरल्याची हळहळ नागपुरात अजून ऐकू येते. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी इंग्रजांकडून सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी धाकटी टेकडी घेतलीही होती. पण त्यांच्यात दारूगोळ्याचा गाडा उडाला, गोंधळ माजला आणि पारडं फिरलं. टेकडीवरच्या किल्ल्याचे पक्के तट इंग्रजांनी चढवले, तेही जिंकल्यावर. म्हणजे हा किल्ला शहर राखायला नाही, शहरावर वचक ठेवायला बांधलेला. शिवरायांच्या दुर्गांवर पोसलेल्या आपल्या मनाला हे पचत नाही, म्हणून आपण लढाईवर बोलतो आणि किल्ल्याचं टाळतो.

नागपूरजवळच 1821 मध्ये कन्हानकाठी इंग्रजांची कामठीची छावणी पडली. तट नाहीत, बुरूज नाहीत. बराकी आणि कवायतीचं मैदान. फौज मद्रासची, म्हणून तेलुगू-तमिळ कुटुंबं आली. पाठोपाठ व्यापारी आले, बाजार फुलला. पुढे 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली आणि व्यापार तिकडे सरकला. तरी गाव उठलं नाही. विणकरांनी माग चालवले, विड्या वळल्या गेल्या. 1999 मध्ये ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर उभं राहिलं. लष्कर आहेच, गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र इथलंच. पण आज कामठी म्हटल्यावर निव्वळ लष्कर आठवत नाही.

वापर बदलत गेला की वास्तूचंही असंच होतं. हंगेरीतल्या ग्योडोल्लोच्या वाड्याने कामठीहून जास्त बदल पाहिले. ग्रासालकोविच सरदारांचा हा वाडा 1867 मध्येच फ्रान्झ जोसेफ आणि एलिझाबेथ या राजा-राणीला मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सोव्हिएत सैनिक राहिले, वृद्धाश्रमही चालला. आता संग्रहालय आहे. भिंतींची परवड झाली खरी, पण दर नव्या रहिवाशाने जुन्या मालकाचा रुबाब थोडा झिजवला. सीताबर्डीचं उलट. वापर बदलला नाही म्हणून तट शाबूत राहिले, आणि तट शाबूत म्हणून पहाराही. निशाण बदललं, पण किल्ला लष्कराकडेच राहिला; दरवाजा लोकांना 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतो. त्या दिवशी नागपूरकर लेकराबाळांसह वर चढतात, हे विशेष.

सैन्याने किल्ला सोडावा असं मी म्हणणार नाही. रिकाम्या पडलेल्या गडांचं आपण काय केलं ते दिसतंच आहे. पण महिन्यातला एक रविवार द्यायला काय हरकत आहे? आणि पाहायला येणाऱ्यांना आधी धाकटी टेकडी दाखवावी.