हातचा एक

अंकगणितात सगळ्यांत जास्त अन्याय कोणावर होत असेल, तर तो हातच्यावर. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. हा एक बिचारा जन्मला एककाच्या घरात. तिथल्या आठानं आणि सातानं घाम गाळला म्हणून तो झाला. पण तिथं त्याची राहायची सोय नाही. तो शेजारी दशकाच्या घरात जातो, त्या मंडळींच्या डोक्यावर बारीक अक्षरात टेकतो, बेरजेत मिसळून जातो, आणि उत्तर आलं की मास्तर म्हणतात, "ते वरचं पुसा रे, पाटी स्वच्छ दिसली पाहिजे." मग उत्तराकडे बघून दशकाच्या घरात मूळचे किती आणि बाहेरून आलेला कोण, हे ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता यायचं नाही. वर आणखी एक गंमत. हा हातचा पहिल्यापासून दहाच्याच किमतीचा असतो. पण दशकाच्या घरात बसल्याशिवाय कोणी त्याला दहा म्हणत नाही.

मी स्वतः असा एक हातचा आहे, म्हणून हा कळवळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गणित घेऊन मी बी.एस्सी. झालो आणि १९७४ साली एम.एस्सी.साठी नागपूर विद्यापीठात आलो. तेव्हापासून आजतागायत माझी ओळख करून देणारा प्रत्येक जण "हे नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. बरं का!" असंच म्हणतो. यात खोटं काहीच नाही. पण खरं किती, हा प्रश्न रात्री जेवण जरा जड झालं की मला छळायला लागतो. मोठमोठे तत्त्वज्ञ "मी कोण?" असं विचारून हिमालयात गेले. माझा प्रश्न त्या मानानं तालुका पातळीवरचा आहे: "मी कोणाचा?" म्हणजे माझ्या डोक्यात जे काही चार आण्यांचं गणित शिरलं, ते जमा कोणाच्या खात्यात करायचं?

आमचं कॉलेज म्हणजे धानाच्या बांध्यांपलीकडे पत्र्याच्या छपराच्या पाच खोल्या. पावसाला जोर चढला की पत्र्यावर असा ताशा वाजे, की सरांचं बोलणं सरांनाही ऐकू जात नसे. मग ते बोलणं सोडून नुसते फळ्यावर लिहीत. आषाढ-श्रावणातलं सगळं गणित आम्ही मूकपटासारखं शिकलो. गणिताला पहिल्या वर्षी आम्ही पाच जण, आणि शिकवायला सर एकटे. बीजगणिताला तेच, कॅल्क्युलसला तेच, भूमितीला तेच. घंटा झाली की सर एका दारानं बाहेर जात आणि त्याच दारानं दुसऱ्या विषयाचे होऊन आत येत.

मोठ्या कॉलेजात शिकलेल्या माणसाला एक गोष्ट कधी कळायची नाही. पाच मुलांच्या वर्गात मागचा बाक नसतो. मान खाली घालून बसायची, पुढच्याच्या पाठीआड लपायची, जांभई देताना तोंडावर वही धरायची जी काही विद्यार्थिदशेतली सुखं आहेत, ती आम्हाला मिळाली नाहीत. रोज प्रत्येकाची फळ्याशी वारी ठरलेली. सिद्धता देता देता अडलं, की जगातले सगळे गणितवाले जे म्हणतात तेच आम्ही म्हणायचो, "सर, हे तर उघडच आहे." त्यावर सर चष्मा वर करून फळ्याजवळ नाक नेत आणि विचारीत, "कोणाले उघड आहे, बापू? मले तं नाही दिसून राहिलं." पुढे आयुष्यात पुष्कळ विद्वानांच्या तोंडून "उघडच आहे" ऐकलं. दर वेळी मला पत्र्यावरचा पाऊस आठवला.

पहिलं वर्ष संपलं आणि पाचांतले दोघे टी.सी. काढून नागपूरच्या कॉलेजात गेले. उरलो तिघं. आता, तीन डोक्यांसाठी एक विषय चालवायचा की नाही, अशी कुजबुज अशा वेळी कुठल्याही कॉलेजात सुरू होतेच. पटावरची डोकी कमी झाली की आधी विषय जातो आणि पाठोपाठ मास्तर जातो. हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही त्या दोघांचे अर्ज सरांनीच भरले, शाईही सरांचीच. दोघांपैकी एकाचे वडील बंडी जुंपून कॉलेजात आले होते. ते म्हणाले, "सर, तुमी इथं शिकवता नं? मंग पोरगा नागपूरले कायले?"

सर म्हणाले, "तिथं धा मास्तर हायेत, पाटील. इथं मी एकटा. माही चूक इथं कोण काढन?"

या वाक्यावर मी गेली पन्नास वर्षं अधूनमधून थांबतो. जगात सगळ्या धंद्यांची रीत अशी, की वाण्यानं चांगला माल ठेवला की गिऱ्हाईक वाढतं. आमच्या सरांचा धंदा उफराटा. ते जितकं चांगलं शिकवीत, तितकं गिऱ्हाईक नागपूरला पळे. वाईट शिकवलं असतं तर आम्ही पाचही जण तिथंच राहिलो असतो आणि विषय सुखरूप राहिला असता. (हा हिशेब मी नंतर काही संस्थांत प्रत्यक्ष अमलात आलेलाही पाहिला आहे; पण ते असो.)

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर ट्रंक घेऊन उतरलो, रविनगरला खोली घेतली. खोलीवरच्या सोबत्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठला बे तू?" मी गावाचं नाव सांगितलं. "अच्छा, तिकडचा," तो म्हणाला. या 'तिकडचा' शब्दात फार मोठा भूगोल मावतो. बर्डीच्या माणसाला अंबाझरी तिकडचं वाटतं, मग आमची काय कथा!

खरं तर नागपूरकराचा यात फारसा दोष नाही. तो शून्य मैलाच्या गावचा रहिवासी. पाहुणा आला की त्याला झीरो माइलचा खांब दाखवून आणायचा, हे त्याचं कुळधर्मासारखं कर्तव्य. १९०७ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामात हे ठाणं झालं. आजूबाजूच्या गावांची अंतरं त्यावर कोरली आहेत, त्यात आमचं चांदाही आहे. आता भूमिती शिकवताना सरांनी पहिल्या तासालाच सांगितलं होतं, की आरंभबिंदू कुठंही घ्या, अट एवढीच की सगळ्यांनी तोच घ्या. तेव्हा शून्य असण्यात कर्तबगारी काही नाही, लोकांची संमती असते इतकंच. सर्वेक्षणवाल्यांनी चांद्याला शून्य धरलं असतं, तर नागपूर दीडशे किलोमीटर मागासलेलं निघालं असतं.

विद्यापीठात मात्र माझी थोडी निराशा झाली. मला वाटलं होतं, अमरावती रोडवरचं गणित काहीतरी निराळं असेल, निदान इस्त्री केलेलं तरी. पण एप्सिलॉन इथंही शून्यापेक्षा मोठाच होता. तालुक्यातले शांतिनारायण एक आणि नागपुरातले शांतिनारायण दुसरे, असंही नव्हतं. पुस्तक तेच, फक्त इथं त्याला दोन्ही पुठ्ठे शाबूत होते. ग्रंथालय मात्र डोळे दिपवणारं होतं. आणि मागचा बाक होता! बाकी कोणत्याही सुविधेपेक्षा मला त्याचंच अप्रूप जास्त वाटलं.

नंतर जरा इतिहास चाळला तेव्हा कळलं, की नागपूर स्वतःच एके काळी 'तिकडचं' होतं. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. पण विद्यापीठ आलं १९२३ साली. तोवरच्या चाळीस वर्षांत नागपूरच्या पोरांनी अभ्यास इथं करायचा आणि पदवी आधी कलकत्त्याची, मग अलाहाबादची घ्यायची. म्हणजे तेव्हाचं अख्खं नागपूर एककाच्या घरात! पुढे १९८३ साली अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं, २०११ साली चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं, आणि ज्या नागपूर विद्यापीठाचा म्हणून मी मिरवतो, त्याच्या नावामागे २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. आमच्या त्या पत्र्याच्या कॉलेजातून आज कोणी नागपूरला यायचं म्हटलं, तर त्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. फळा तोच, खडू तोच, पत्र्यावरचा पाऊसही तोच. फक्त दारावरच्या पाटीला नवा रंग.

या पाट्यांचं काय करावं, याचा विचार करताना मला नेहमी द. रा. कापरेकर आठवतात. नाशिकजवळ देवळालीला १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शाळेत शिकवणारा हा मास्तर. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९४९ साली त्यांनी एक मौज जगापुढे मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा, आणि तुम्ही ६१७४ वर येऊन उभे. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आपली तिन्ही विद्यापीठं बसवून पाहिली. नागपूरचं १९२३: ९३२१ वजा १२३९, ८०८२, ८८२० वजा ०२८८, ८५३२, ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन उड्यांत मुक्काम! गोंडवानाच्या २०११ ला चार लागल्या. अमरावतीच्या १९८३ ला मात्र पुऱ्या सात, आणि दोघांनाही वाटेत नागपूरचं ८०८२ लागतंच. नागपूरकरानं यावर कॉलर ताठ करण्याआधी हे ध्यानात घ्यावं, की हा सगळा रस्ताच देवळालीच्या एका मास्तरानं दाखवलेला आहे. आणि ६१७४ ला जाऊन विचारलं, "आपण कुठून आलात?" तर तिला काही सांगता येत नाही. तिच्याकडे येणाऱ्या वाटा हजारो, आणि तिच्या अंगावर एकीचीही धूळ नाही.

गणिताची ही मोठी सभ्यता, की प्रमेय कोणाचं गावगोत विचारत नाही. सिद्धता बरोबर असली की बरोबर. ती महालात सुचली की माडगाळ रस्त्यावर, कोणाला पर्वा नाही. पण याच सभ्यतेची दुसरी बाजू कृतघ्नपणासारखी दिसते. प्रमेय शिकवणाऱ्याचं नावही विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग विचारा की! जिथं तिथं सांगायचा नियमच करा, की पहिली अक्षरं कुठं गिरवली. मीही हा ठराव मनातल्या मनात अनेकदा मांडला आणि दर वेळी स्वतःच विरोधात मत दिलं. कारण ज्या पाटीवर उपकार लिहायचे, त्याच पाटीवर 'तिकडचा' हा शब्दही लिहिता येतो. खडू एकच. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या तिघांनी फक्त एम.एस्सी. कुठली, एवढंच विचारलं. बी.एस्सी. कुठली, हे विचारलं असतं तर कदाचित त्यांच्या चेहऱ्यावरही तो भूगोल उमटला असता. हातचा पुसला गेला म्हणून मी दशकात नीट बसलो. सरांचं नाव पुसलं गेल्याचा फायदा मलाच झाला. हे वाक्य मी पुष्कळ चावून पाहिलं, पण ते घशाखाली उतरत नाही.

आपल्या जुन्या गणितवाल्यांनी वजा संख्येला नाव ठेवलं ते 'ऋण'. कर्ज म्हणजेच ऋण आणि शून्याच्या खालची संख्याही ऋणच. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली नियम सांगून ठेवला, की ऋणाला ऋणानं गुणलं की धन. माझा स्वतःचा अनुभव असा, की सरांच्या ऋणाला विद्यापीठाच्या ऋणानं गुणलं तर उत्तर म्हणून मास्तरकीचा पगार येतो. पण मूळचं ऋण फिटत नाही.

सर निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना सरळच विचारलं, "सर, विषय बंद पडेल हे दिसत असताना तुम्ही पोरांना जाऊ कसं दिलं?" सर ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. म्हणाले, "अरे बापू, एककाच्या घरात नवाच्या वर ठेवताच येत नाही. ठेवला तं उत्तर चुकन." गणित म्हणून बिनतोड. पण अंकाला पोट नसतं आणि एककाच्या घराला महिन्याचा किराणा भरावा लागत नाही. सरांना होतं, आणि भरावा लागत होता. मी तसं म्हटलंही. त्यावर ते हसले आणि सुपातला खडा बाहेर फेकून म्हणाले, "हे मात्र उघड आहे."

तेव्हापासून मी आपला खासगीत एक उपाय चालवला आहे. कोणी विचारो न विचारो, सगळं सांगायचं. घरची मंडळी कंटाळली आहेत, पण इलाज नाही. मागच्या हिवाळ्यात धरमपेठेत एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक वयस्क काकू. "तुम्ही गणिताचे ना? नागपूर विद्यापीठाचे?" झालं! मी तालुका सांगितला, पत्रे सांगितले, पाच पोरं, एक सर, बंडीतून आलेले पाटील, सगळं सांगितलं. वरण-भात थंड झाला. काकूंनी फार मन लावून ऐकलं आणि मग काळजीनं विचारलं, "अगंबाई, म्हणजे शिकलात ते तिकडेच होय! पण एम.एस्सी. तरी इकडे केलंत ना?"

"हो."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि वाढप्याला हाक मारली, "अरे, ह्यांना एक सांबारवडी वाढ गरम."

ती सरांच्या नावानं खायची की विद्यापीठाच्या, हे माझं ठरेपर्यंत त्यानं पानात दुसरीही टाकली होती.