बाग कुठली?

रत्नागिरीत हापूसची पेटी घेणारं गिऱ्हाईक आधी विचारतं, बाग कुठली? फळात साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला तर बागायतदाराला फोन जातो आणि अब्रू जपणारा बागायतदार पेटी बदलून देतो. पेटी विकली गेली तरी तिच्यावरचं नाव तिला बांधलेलं राहतं. मुलाला पाण्यात खेळायला हवेची ट्यूब घेताना मात्र ती कोणी बनवली, हे आपण विचारत नाही.

सुट्टीत भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळ्याच्या वाळूत मुलं रंगीत ट्यूब घेऊन धावतात. पातळ प्लास्टिकचा जोड उसवला किंवा झडप निघाली, की क्षणात आधार जातो. ट्यूब धड असली तरी धोका टळत नाही. रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. काठाचं पाणी त्या वेळी शांत दिसतं, पण पाण्यावर तरंगणारी हलकी ट्यूब वारा सहज आत ढकलतो. त्यात ओहोटी असेल, तर मुलाचे पाय कधी टेकेनासे झाले हे काठावरच्या आईबापांना कळतही नाही. हे खेळणं आहे, जीव वाचवणारं साधन नव्हे.

अमेरिकेतल्या ॲक्वा-लेझर कंपनीने लहान मुलांसाठी बसायच्या हवेच्या होड्या विकल्या होत्या. बैठकीचे पट्टे फाटून मुलं पाण्यात पडल्याच्या तक्रारी आल्या. 2009 साली सुमारे 40 लाख होड्या परत मागवल्या गेल्या. दोष माहीत असून सरकारला वेळेत कळवला नाही, म्हणून पुढच्या वर्षी कंपनीला साडेसहा लाख डॉलर दंड भरावा लागला. माझ्या मते त्या कंपनीचा खरा अपराध फाटक्या पट्ट्यापेक्षा तिच्या मौनात होता. वस्तूत चूक राहू शकते. ती कळल्यावरही गप्प बसणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा जीव पणाला लावून आपला गल्ला सांभाळणं.

आपल्याकडेही कायदा आहे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा अधिकार दिला. 2022 मध्ये या प्राधिकरणाने ॲमेझॉनला तिच्या संकेतस्थळावरून विकले गेलेले 2,265 निकृष्ट प्रेशर कुकर परत घेण्याचा आदेश दिला. पण ज्या ट्यूबवर बनवणाऱ्याचं नावच नाही, ती कोण कोणाकडून परत मागवणार? बेनामी वस्तू विकणं म्हणजे जबाबदारीतून आधीच पळ काढणं. चार पैसे वाचतात म्हणून ती घेणारे आपणही या व्यवहाराचे भागीदार ठरतो.

किनाऱ्यावरच्या विक्रेत्याचं पोट त्या मालावर आहे, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारू नये. नाव आणि चिन्ह नसलेला माल घाऊक व्यापाऱ्याकडून उचलायचाच नाही, एवढं मात्र त्याने ठरवावं. वाचकहो, ट्यूब घेण्याआधी आयएसआय चिन्ह पाहा आणि त्यावरचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. खेळणं सदोष निघालं तर गुपचूप फेकून देऊ नका, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तुमच्या एका तक्रारीने कुणा अनोळखी घरातलं मूल वाचू शकतं. आणि ट्यूब कितीही चांगली असो, मूल पाण्यात असेपर्यंत हाताच्या अंतरावर उभे राहा.