जरपॉइंटचा भग्न मठ आणि हुकमाचे ताबेदार

एखादी जुनी संस्था कायद्याने मोडली जाते तेव्हा तिच्या नाशाचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, ह्याविषयी इतिहास सहसा घोटाळ्यात पडत नाही. हुकूम ज्याने सोडला त्याचे नाव तो लिहितो आणि पुढे जातो. परंतु हुकूम सोडणारा एक असतो आणि तो अंमलात आणणारे पुष्कळ असतात. कोणी मोजणी करतो, कोणी यादी उतरवून घेतो, कोणी हिशेब ताडून पाहतो, कोणी कागदावर सही घेतो. ह्यांपैकी कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले आहे : आम्ही हुकमाचे ताबेदार. हे उत्तर खोटे नाही. पण ते पुरेसे आहे काय? ज्यांचे आयुष्य दुसऱ्याच्या आज्ञेवरून कागद तयार करण्यात जाते, त्यांना केव्हा ना केव्हा हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो; निदान विचारावयास हवा. आयर्लंडातील एका पडक्या मठात हिंडत असताना तो मला फार निकडीने जाणवला, म्हणून त्या मठाच्याच आधाराने त्याचा विचार करावा असे वाटते.

किलकेनी परगण्यात, नोर नदीच्या खोऱ्यात, थॉमसटाउन गावापासून थोड्याच अंतरावर जरपॉइंटचा मठ उभा आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो स्थापन झाला आणि सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी तेथे सुमारे साडेतीनशे वर्षे वास्तव्य केले. प्रार्थनामंदिरावर आज छप्पर नाही. एका अंगाचे जाडजूड स्तंभ आणि त्यांवरच्या कमानी अजून टिकून आहेत, आणि मध्यभागी पंधराव्या शतकातील चौकोनी मनोरा आकाशात चढलेला आहे. मंदिराला लागून चौक आहे. त्याच्या भोवतीच्या ओवरीतील जोडखांबांवर कारागिरांनी माणसे कोरून ठेवली आहेत : चिलखत घातलेला सरदार, चुणीदार झगा नेसलेली त्याची बायको, साधू, संत, आणि पोटात कळ आल्याप्रमाणे दोन्ही हातांनी पोट धरून उभा असलेला एक मनुष्य. पश्चिमेकडील मठांत मी कल्पिले होते ते सारे गांभीर्य ह्या एका पोटदुख्या माणसापाशी सैल झाले. येथे माणसे राहत होती, जेवत होती, आजारी पडत होती, हे त्याने एका क्षणात पटवून दिले.

असे वास्तुखंड पाहताना मनापुढे साहजिकच तोफा, मशाली आणि धावून आलेले शत्रू उभे राहतात. जरपॉइंटच्या बाबतीत तसे काही घडले नाही. हा मठ कागदाने मोडला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री ह्याने रोमच्या धर्मपीठाशी संबंध तोडल्यावर मठांची मालमत्ता राजाकडे घेण्याचे धोरण आखले, आणि १५३९च्या एप्रिलमध्ये आयर्लंडसाठी पाच जणांचा आयोग नेमला. डब्लिनचा आर्चबिशप जॉर्ज ब्राऊन, चॅन्सेलर जॉन ॲलन, खजिन्याचा कारभार पाहणारा विल्यम ब्रॅबझन, दप्तरप्रमुख रॉबर्ट कौली आणि टॉमस क्यूसॅक हे ते पाच. त्यांना दिलेला अधिकार दुहेरी होता. जे मठाधिपती राजीखुशीने मठ स्वाधीन करतील त्यांना निवृत्तिवेतन ठरवून द्यावे. आणि जे हट्टाने नकार देतील त्यांना धरून शिक्षा करावी. जरपॉइंटचा शेवटचा मठाधिपती ऑलिव्हर ग्रेस ह्याने १५४०च्या मार्चमध्ये मठ स्वाधीन करून दिला. नंतर ती मालमत्ता ऑर्मंडच्या अर्लकडे गेली.

ह्यानंतर मोजणी झाली. १५४० व १५४१ ह्या दोन वर्षांत मठांच्या मालमत्तेची जी तपशीलवार टिपणे तयार झाली ती आजही उपलब्ध आहेत. गावातील पंच बोलावून, त्यांच्या जबान्या घेऊन ती लिहिलेली आहेत. जमीन किती एकर, कूळ कोण, खंड किती, पाणचक्की चालू की बंद, दशमांशाचे उत्पन्न कोणत्या गावातून येते, मठाच्या इमारतींपैकी कोणती शेतकऱ्याच्या उपयोगाची आणि कोणती पाडून टाकण्याजोगी, हे सारे त्यांत आहे. कचेरीत टिपणे लिहून ज्याच्या बोटांना घट्टे पडले आहेत अशा माणसाला हे काम पाहून कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. ओसाड पडलेली जमीन ओसाड म्हणून लिहिली आहे. उत्पन्न फुगवून दाखविण्याचा मोह दिसत नाही. ज्यांनी हे लिहिले ते आपल्या कामात प्रामाणिक होते. आणि नेमके हेच मनाला टोचते. एवढ्या प्रामाणिक हातांनी केलेल्या कामाची अखेर ह्या छप्पर नसलेल्या भिंतींत का व्हावी?

येथे दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा की, मठ तरी कोठे निर्दोष होते? हे खरे आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी वरिष्ठांकडून तपासणीस आलेल्यांना आयर्लंडमधील सिस्टर्शियन मठांनी दार लावून घेतले होते, आणि १२१७ साली जरपॉइंटच्या मठाधिपतीला दंग्याचे पुढारीपण केल्याबद्दल पदच्युत व्हावे लागले. पुढे १२२८ साली स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन हा तपासणीस आला. त्याने नियम घालून दिला की, ज्याला फ्रेंच किंवा लॅटिन भाषेत पापनिवेदन करता येत नाही त्याला मठात घेऊ नये. म्हणजे ज्या भूमीत मठ उभा, त्या भूमीच्या भाषेत देवापुढे मन मोकळे करणाऱ्याला दार बंद! मठांच्या भिंतींत अहंकार होता, वंशभेद होता, आळसही होता. परंतु संस्थेचे दोष हे ती सुधारण्याचे कारण असू शकतात. तिची जमीन वाटून घेण्याचे कारण ते आपोआप ठरत नाहीत. ही गोष्ट त्या काळीही एकाला सुचली होती. राजाचाच विधिज्ञ पॅट्रिक बार्नवॉल ह्याने १५३६ साली आयर्लंडच्या संसदेत असे प्रतिपादन केले की, धर्मप्रमुख म्हणून राजाला मठांतील गैरप्रकार दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, मठच नाहीसे करण्याचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मठ कालमानाप्रमाणे पुढेमागे संपलेच असते, मग राजाने ते संपविले म्हणून हळहळ का? ह्याला आधारही अलीकडचाच देता येईल. फ्रान्समधून घालवून दिलेल्या सिस्टर्शियन साधूंनी १८३२ साली वॉटरफर्ड परगण्यात माउंट मेलरी हा मठ स्थापिला. जवळजवळ दोन शतके तो नांदला, आणि २०२५च्या जानेवारीत तेथील उरलेल्या साधूंनी तो सोडला. माणसे थोडी राहिली, वये वाढली, नवे कोणी येईना; तेव्हा इतर दोन मठांतील बंधूंशी एकत्र होण्याचा निर्णय त्यांनी आपसांत मते घेऊन केला. येथे राजा नव्हता, आयोग नव्हता. तरी मठ संपला.

पण ह्या दोन शेवटांची तुलना केली म्हणजेच आपला प्रश्न नीट उघडा होतो. मेलरीच्या साधूंनी मठ राजीखुशीने सोडला. जरपॉइंटच्या मठाधिपतीनेही, कागदावर, राजीखुशीनेच सोडला. फरक एवढाच की एके ठिकाणी त्या शब्दाच्या पाठीमागे माणसांची मने होती आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पाठीमागे शिक्षेचा अधिकार उभा होता. वृद्ध मनुष्य मरतो म्हणून त्याला मारणाऱ्याचा अपराध कमी होत नाही, हे आपण जाणतो. संस्थेचेही तसेच आहे. तिला आपल्या वेळी, आपल्या निर्णयाने संपण्याचा हक्क आहे. तो हिरावून घेणे आणि वर तिच्याच हातून तसे लिहवून घेणे, ह्यांत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी वाईट नाही.

आता अंमलबजावणी करणाऱ्यांकडे वळू. ते सारेच मुके राहिले असे नाही. १५३९च्या मे महिन्यात राजप्रतिनिधी लेनर्ड ग्रे आणि त्याच्या मंडळाने लंडनला विनंतीपत्र पाठविले की, निदान सहा मठ राखावेत. त्यांत डब्लिनचे सेंट मेरी व क्राइस्ट चर्च, संन्यासिनींचे ग्रेस ड्यू, आणि जरपॉइंट ही नावे होती. कारणे व्यवहारातली दिली होती. ह्या देशात धर्मशाळा किंवा उतारशाळा नाहीत. राजाचे अधिकारी आणि येणारेजाणारे ह्या मठांतच उतरतात. मुलांना तेथे शिक्षण मिळते. ग्रेस ड्यू येथे मुली सद्वर्तन, विद्या आणि इंग्रजी भाषा शिकतात. ह्या कारणांत स्वतःच्या मुक्कामाची सोय मोठी होती, हे उघड आहे. तरीही मोजणीच्या कोणत्याच रकान्यात न बसणारी गोष्ट, म्हणजे दार ठोठावणाऱ्याला मिळणारा आसरा, ह्या पत्राने कागदावर आणली. विनंती मान्य झाली नाही. सहांपैकी केवळ क्राइस्ट चर्च, आपले रूप बदलून, वाचले.

एवढ्यावर थांबता आले असते तर हा बोधपर निबंध छान पुरा झाला असता. परंतु पुढची हकीकत अडचणीची आहे. ग्रे १५४१ साली राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेदाने मेला. ॲलन सेंट वुलस्टनच्या मठाचा धनी झाला, ब्रॅबझनकडे डब्लिनच्या सेंट टॉमस मठाची मालमत्ता गेली, क्यूसॅकला लिस्मलिनचा मठ मिळाला. आणि संसदेत उभा राहून राजाला एवढा अधिकार नाही म्हणणारा बार्नवॉल? मुली जेथे शिकत होत्या त्या ग्रेस ड्यूची मालमत्ता त्याच्या पदरात पडली. त्या मठाच्या दगडांनी त्याच्या घराण्याने पुढे टर्व्ही येथे वाडा बांधला. तो वाडाही १९८७ साली पाडण्यात आला. विरोध नोंदविणे आणि वाटा घेणे ह्या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच आयुष्यात करता येतात, हे ह्यावरून दिसते. तेव्हा केवळ विरुद्ध मत लिहून ठेवले म्हणजे हात स्वच्छ झाले, हे समाधान लटके आहे.

मग ताबेदाराचे कर्तव्य तरी कोणते? सर्वांनी नोकऱ्या सोडाव्यात असे म्हणणे सोपे आहे. ते म्हणणारा बहुधा पोटाची चिंता नसलेला असतो. आज्ञेच्या बरेवाईटपणाचा सगळा भार लिहिणाऱ्यावर टाकणेही न्यायाचे नाही, कारण त्याला सगळे दिसत नाही. तथापि एक गोष्ट अशी आहे की जी कोणताही वरिष्ठ आपल्या अंगावर घेऊ शकत नाही, आणि ती म्हणजे शब्दाचा खरेपणा. हुकूम दुसऱ्याचा असेल, पण शब्द लिहिणाऱ्याच्या हातून उमटतो. जरपॉइंटच्या कागदांत एकरांचा आकडा बरोबर, खंडाचा आकडा बरोबर. फक्त एक शब्द खोटा होता, राजीखुशीने. बाकीचा सारा खरेपणा त्या एका खोट्या शब्दाच्या सेवेला लागला होता.

ह्यातून मला एक कसोटी हाती लागते. जे करावयाचे आहे ते सरळ शब्दांत टिपणात लिहिता येत असेल, तर ते काम करणाऱ्याला निदान वाद घालण्यास, विरोध नोंदविण्यास, सुधारणा सुचविण्यास जागा उरते. पण ते लिहिताच येत नसेल, घेणे ह्याला देणे म्हणावे लागत असेल, धाकाला संमती म्हणावे लागत असेल, तर ती आज्ञा मर्यादेबाहेर गेली असे समजावे आणि लेखणी तेथे थांबवावी. ही कसोटी प्रत्येक अन्याय ओळखील असा माझा दावा नाही. उघडपणे लिहिलेले अन्यायही जगात थोडे नाहीत. परंतु ती ताबेदाराच्या आवाक्यातली आहे. तिच्यासाठी अधिकार लागत नाही, मोठे पद लागत नाही. आपण लिहितो आहोत तो शब्द पुन्हा एकदा वाचण्याएवढा धीर लागतो. त्याबरोबर आणखी एक पथ्य पाळावे : ज्या वस्तूची यादी आपण केली तिच्यातील तुकडा आपल्या घरी येऊ देऊ नये.

कोणी म्हणेल की, शेवटी मठ पडावयाचा तो पडलाच. एका कारकुनाने एक शब्द लिहिला काय आणि न लिहिला काय. जरपॉइंटचा मठ त्याने वाचला नसता, हे मान्य. पण कागदांचे आयुष्य आपण समजतो त्याहून विलक्षण असते. डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यातील शतकानुशतकांची कागदपत्रे १९२२च्या जूनमध्ये यादवी युद्धाच्या आगीत भस्म झाली. मठांच्या मोजणीची टिपणे लंडनला होती म्हणून वाचली, आणि १९४३ साली ती आयर्लंडात छापून प्रसिद्ध झाली. चारशे वर्षांनंतर ती उघडणाऱ्याला पाणचक्कीचा खंड घेऊन काय करावयाचे आहे? आज ज्याला त्या मठांविषयी आस्था आहे तो त्या काळच्या दप्तरात दोन गोष्टी शोधतो : कोणी खरे काय लिहिले, आणि कोठे लिहिताना शब्द फिरविला. आपल्या टिपणांची तपासणी करणारा शेवटचा वरिष्ठ अजून जन्माला यावयाचा आहे, एवढे लक्षात ठेवून लिहिणे आपल्या हाती आहे.