पात्र पाहून



गुडघ्यांनी साथ सोडली आणि माझी कीर्तनसेवा थांबली. आता सणसरला घराच्या ओट्यावर बसून असतो. शेजारी तसेच बसून असते एक बदक. नातवाने पिलू असताना बारामतीच्या बाजारातून आणलेले. डावा पाय सरळ होत नाही. चार पावले सरकते की छातीवर बसते. तुम्ही म्हणाल, हरिकथेच्या पानात बदक कशाला? सांगतो.

त्याचा पाय अधू झाला तो माझ्या दयेपायी. पिलू जवळ आले की मी भाकरीचा तुकडा टाकायचा, दुपारी भात, कधी पाहुण्यांपुढची बिस्किटे. ते खाई आणि मला धन्य वाटे. पोट भरत होते, पोषण होत नव्हते. गुरांच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितले, की नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा बदकाच्या पिलाला जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, आणि वर वजन वाढले तर विचारूच नका. औषधाने थोडे सावरले, पुरते नाही. जन्मभर भूतदयेवर निरूपण केले, आणि मुक्या जीवाचा पाय माझ्याच हाताने गेला!

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काल आणि पात्र पाहावे असे म्हटले आहे. पात्र म्हणजे घेणाऱ्याची योग्यता, असे मी सांगत आलो. आता वाटते, योग्यता आपल्या दानाचीही पाहायला हवी. घेणाऱ्याला ते पचते का? शब्दाचा दुसरा अर्थ तर अगदी रोजचा आहे. बदकाला घास गिळताना पाणी लागते, आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके ते खोल लागते, म्हणजे नाकपुड्या धुतल्या जातात. मी उथळ थाळी ठेवत होतो! आता जड बुडाचे पातेले त्याच्या तोंडाशी असते, कारण त्याला पाण्याकडे जाता येत नाही. शेजारी बदकाचे खाद्य भिजवून, थोडे हिरवे वाटाणे. पाणी चोचीत ओतायचे नाही, श्वासनलिकेत जाते.

उचलायचे तेही शिकावे लागले. पायाला किंवा पंखाला धरायचे नाही. पंख अंगाशी मिटवून दोन्ही बाजूंनी हात घालायचे, एक तळहात पोटाखाली, पाय लोंबू द्यायचे नाहीत. पाचट टोचते, म्हणून गोणपाटावर माझे जुने धोतर घडी करून अंथरतो. एकाच जागी बसून छातीला आणि तळपायाला जखम होते, म्हणून बाजू बदलून बसवतो. टबात कोमट पाण्यावर तरंगू दिले की पायावरचा भार जातो. तेवढा वेळ हलायचे नाही तिथून. मग पुसून कोरडे करायचे.

एक शास्त्रीबुवा म्हणाले, "जडभरत आठवा!" भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजा हरणाच्या पाडसात गुंतला, नित्यकर्म सुटले, आणि पुढचा जन्म हरणाचा आला. आक्षेप खरा आहे. पहाटेचा काकडा माझाही दोनदा चुकला. पण बुडते पाडस नदीतून काढले, यात भरताचे चुकले असे मला कधी वाटले नाही. शिवाय माझा तर हा मोह कमी आणि देणे जास्त. हरिपाठ आता टबाशेजारी बसून म्हणतो. अंतकाळी काय आठवेल, ते पांडुरंग जाणे.

यंदा तुकोबारायांची पालखी काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण करून संध्याकाळी गावात आली. एक म्हातारी वारकरीण ओट्यावर टेकली. पाय सुजलेले. बदक पाहताच तिने गाठोड्यातली भाकरी काढली. मी तिचा हात धरला, "नको, माउली."

ती दुखावली. "बाबा, वारीच्या वाटेवर घास नाकारता?"

अन्नदानावर एवढी कीर्तने केलेला मी, उत्तर सुचेना. शेवटी पाय कसा गेला ते सांगितले. ती गप्प झाली. मग म्हणाली, "कसं उचलायचं, दावा मला." तिनेच त्याला टबात सोडले, वाटाणे पाण्यावर टाकले, आणि कंदील लागेपर्यंत तिथून उठली नाही.

सकाळी दिंडी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघाली. भाकरी ओट्यावरच राहिली होती. दुपारी ती मी खाल्ली.