बानू नथ

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणीकडे निघते, माउलींची दिवे घाट चढून सासवडला आणि पुढे जेजुरीला. खंडोबाच्या या वाटेवर एखाद्या बेन्टेक्सच्या दुकानात ‘बानू नथ’ मागून पाहावी. दुकानदार काही न विचारता पुठ्ठ्याला टोचलेल्या नथा पुढे ठेवतो. खंडोबाची गोष्ट सांगणारी ‘जय मल्हार’ ही मालिका 2014 ला सुरू होऊन 2017 ला संपली. मालिका संपली, त्यातल्या बानूची नथ मात्र बाजारात राहिली.

ती नथ हातात घेऊन बघावी. पितळी तार, त्यात ओवलेले खोटे मोती, मधे गुलाबी खडा आणि मागे दाब, म्हणजे नाक टोचलेलं नसलं तरी चालतं. मालिकेसाठी असा दागिना घडवणाऱ्याला किती गोष्टींचं भान ठेवावं लागत असेल! दाब सैल झाला तर ऐन संवादात नथ गळणार, घट्ट झाला तर दिवसभराच्या चित्रीकरणात नटीचं नाक लाल होणार. नवं पॉलिश दिव्यांखाली चमकून कॅमेऱ्याला त्रास देतं, म्हणून ते मुद्दाम मंद करावं लागतं. बांगड्या किणकिणल्या की आवाज माइकमध्ये जातो. शिवाय खंडोबाच्या बायकांपैकी म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक आणि बाणाई, म्हणजेच बानू, धनगराची. त्या तोंड उघडण्याआधी हे दागिन्यांनी सांगायला हवं.

शस्त्रांचंही तेच. जेजुरीला दसऱ्याला जो खंडा उचलतात तो 42 किलोचा. नटाच्या हातात तेवढं वजन देता येत नाही. पातं लाकडाचं किंवा फायबरचं करायचं आणि बघणाऱ्याला ते लोखंडाचंच वाटायला हवं. निम्मं काम कारागिराचं, उरलेलं नटाच्या मनगटाचं.

मला या कामाबद्दल आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. पडद्यावर जे दिसतं ते बायका नुसतं पाहत नाहीत, घरी आणतात. ‘होणार सून मी ह्या घरची’ मालिकेतल्या जान्हवीचं मंगळसूत्र महाराष्ट्रभर गळ्यागळ्यांत दिसायला लागलं. लग्नातल्या ठुशी, चिंचपेटी, तन्मणी यांची ओळख कित्येक मुलींना आजीच्या डब्यातून होत नाही, मालिकेतून होते. मग मालिकेत जे घातलं तेच ‘आपलं पारंपरिक’ ठरतं. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी नथीचा इतिहास शोधताना दाखवून दिलं होतं, की जुन्या संस्कृत वाङ्मयात ती सापडत नाही. पौराणिक मालिकांतल्या राण्या मात्र सर्रास नथ घालतात, आणि ती खरीच होती असं आपण धरून चालतो.

म्हणून मला वाटतं, हे काम करणाऱ्याने सोनाराइतकंच काटेकोर असावं. कोल्हापुरी साज घ्या. परंपरेने त्याची पानं 21, त्यांत दशावतार, अष्टमंगल, लाल आणि हिरव्या खड्याची पानं आणि एक ताईत. एकाच ठशातून सगळी पानं काढली तरी दुरून साज साजच दिसतो. पण मासा माशासारखा, कासव कासवासारखं करणारा कारागीर असला, तर कॅमेरा गळ्याजवळ आल्यावर एखादी मुलगी आईला विचारेल, हे काय गं? आणि आईला उत्तर शोधावं लागेल.

असे जुने नमुने बघायला पुण्यात फार लांब जावं लागत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, अशा रोजच्या वापरातल्या वस्तू दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवून ठेवल्या आहेत. पडद्यावर पेशवाई उभी करणाऱ्या प्रत्येकाने एक पूर्ण दिवस तिथे काढावा. अडकित्त्याच्या मुठीवर घडवलेली माणसं आणि पाखरं जवळून, वहीत रेखाटत बघावीत.